'द फ्रंट पेज' (१९३१): एका खोलीतलं नाटक बोलपटात कसं गेलं, आणि आज ते दाखवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या फिल्म सोसायटीला नाटकांवरून केलेले सुरुवातीचे हॉलिवूड बोलपट सभासदांना दाखवायचेत. यादीत लुईस माइलस्टोनचा 'द फ्रंट पेज' आहे. नेटवरून उतरवलेली प्रत लावून पाहिली, तर आवाज घोगरा, माणसांची डोकी वरून कापलेली, आणि पाहणाऱ्यांचं म्हणणं, 'हे तर नाटकच कॅमेऱ्यासमोर उभं केलंय.' मग हा चित्रपट ठेवायचा की वगळायचा? ठेवला तर कुठली प्रत घ्यायची, आणि आधी लोकांना काय सांगायचं?

वगळू नका, प्रत बदला. घोगरेपणा आणि कापलेली डोकी हा कॉपीवरून कॉपी काढण्याचा दोष आहे, चित्रपटाचा नाही. 'हे नाटकच आहे' ही तक्रार मात्र नीट तपासायला हवी, कारण ती अर्धी खरी आहे. त्या काळात नाटकांवरून निघालेले कितीतरी बोलपट खिळल्यासारखे दिसतात. पण त्याचं खापर नाटकावर फोडणं चूक. कॅमेरा खिळवला होता ध्वनिमुद्रणाने. नाटक तेच ठेवून कॅमेरा सोडवता येतो का, याची परीक्षा ज्या थोड्या चित्रपटांनी दिली त्यांत हा अगदी वरचा.

आधी नाटक. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर हे दोघेही शिकागोच्या वर्तमानपत्रांत घासून निघालेले. त्यांचं हे तीन अंकी नाटक १४ ऑगस्ट १९२८ ला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर थिएटरात लागलं आणि त्याचे २७६ प्रयोग झाले. निर्माता जेड हॅरिस, दिग्दर्शक जॉर्ज एस. कॉफमन. हिल्डी जॉन्सन हा बातमीदार ली ट्रेसीने केला आणि वॉल्टर बर्न्स हा त्याचा संपादक ऑसगुड पर्किन्सने. तिन्ही अंक एकाच जागी: शिकागोच्या फौजदारी न्यायालयाच्या इमारतीतली पत्रकारांची खोली. टेबलं, टेलिफोन, पत्त्यांचा डाव, सिगारेटचा धूर. खिडकीखाली तुरुंगाचं आवार आणि तिथे दुसऱ्या दिवशीच्या फाशीची तयारी. हिल्डीला नोकरी सोडून, लग्न करून न्यूयॉर्कला जायचंय. बर्न्सला त्याला जाऊ द्यायचं नाही. तेवढ्यात फाशीचा कैदी अर्ल विल्यम्स निसटतो, खिडकीतून थेट या खोलीत येऊन पडतो, आणि हिल्डी त्याला एका पत्रकाराच्या रोलटॉप डेस्कमध्ये कोंबतो. लाकडी पट्ट्यांचं झाकण वरून ओढून बंद करायचं, तसलं ते मोठं टेबल.

बर्न्सचं पात्र वॉल्टर हॉवी या संपादकावरून घेतलेलं आहे. पलायनाच्या घटनेमागे टॉमी ओ'कॉनर नावाच्या कैद्याची हकीकत आहे. १९२१ च्या डिसेंबरात, फाशीला काही दिवस उरले असताना तो शिकागोच्या तुरुंगातून पळाला तो कायमचाच. शिक्षा फाशीचीच होती, म्हणून त्याच्यासाठीचा फाशीचा सांगाडा तिथल्या प्रशासनाने १९७७ पर्यंत सांभाळून ठेवला होता! नाटकातला विनोद कुठल्या मातीतला आहे ते एवढ्यावरून कळावं.

आता ध्वनिमुद्रण. १९२७ ते १९२९ या काळात बोलपटाच्या सेटवर काय चालायचं हे प्रेक्षकांना पाच मिनिटांत सांगितलंत, तर निम्मं काम झालं. मूकपटाचा कॅमेरा घरघर करायचा आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. माइक आल्यावर तीच घरघर संवादात उतरू लागली. उपाय म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही पुढून काच असलेल्या, आतून अस्तर लावलेल्या खोक्यात बंद केलं. आत इतकं उकडायचं की टेक संपला की माणूस आधी दार उघडून बाहेर. असं खोकं ढकलून ट्रॉली शॉट घेणं म्हणजे कपाटासकट फिरायला जाणं. कार्बनचे आर्क दिवे गुणगुणायचे, म्हणून त्यांच्या जागी तापणाऱ्या तारेचे दिवे आले. त्यांनी सेट आणखी तापला. माइक कंडेन्सर जातीचा. तो चारी बाजूंचं ऐकायचा, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याजवळच ठेवावा लागायचा, त्यामुळे तो जड. तो एका जागी टांगायचा आणि नटाने त्याच्याखाली येऊन बोलायचं. बोलता बोलता नट चार पावलं सरकला की आवाज विहिरीत गेल्यासारखा.

संकलनाची अडचण याहून वाईट. व्हिटाफोन पद्धतीत आवाज १६ इंची तबकडीवर, मिनिटाला ३३⅓ फेऱ्या. एक तबकडी म्हणजे एक रीळ. १,००० फूट फिल्म, सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे मिनिटाला ९० फूट, म्हणजे जेमतेम ११ मिनिटं. तबकडी कापता येत नाही. मग एका प्रसंगावर दोन-तीन किंवा अधिक कॅमेरे एकदम चालवायचे, एकाचा रुंद शॉट, दुसऱ्याचा लांब भिंगाने जवळचा, आणि आवाज एकच अखंड. कट कुठेही मारा, आवाज जुळतो. पण सगळ्या कॅमेऱ्यांना चालेल अशी प्रकाशयोजना सपाटच होते. आणि जवळचे शॉटही खऱ्या अर्थाने जवळून घेतलेले नसतात, लांबूनच ओढलेले असतात. 'नाटक चित्रित केलंय' असं वाटण्याचं खरं कारण हे.

नाटकावरच्या बोलपटांत आणखी एक गंमत व्हायची. रंगमंचावर जी वस्तू बिनबोभाट वापरली जाते ती माइकसमोर गोंगाट करते. 'द कोकोनट्स' (१९२९) हा मार्क्स बंधूंचा नाटकावरचाच चित्रपट. त्यात नकाशाचा कागद उलगडताना फटाके फुटल्यागत आवाज यायचा, म्हणून सेटवरचे कागद चक्क पाण्यात भिजवून वापरले. आता विचार करा: 'द फ्रंट पेज'ची अख्खी खोली कागदांनी, टाइपरायटरांनी आणि टेलिफोनांनी भरलेली. १९२८ च्या ध्वनिमुद्रकाला हे नाटक दिलं असतं तर त्याने हातच जोडले असते.

१९३० च्या अखेरीपर्यंत गोष्टी बऱ्याच सुटल्या होत्या. खोक्याऐवजी कॅमेऱ्यापुरतं आवाजरोधक कवच आलं. माइक बूमला, म्हणजे लांब दांड्याला, टांगून नटाच्या मागे फिरवता येऊ लागला. आवाज वेगळ्या फिल्मपट्टीवर घेतला, तर चित्र आणि आवाज स्वतंत्र कापता येतात. एकाच्या तोंडचं वाक्य दुसऱ्याच्या चेहऱ्यावर संपवता येतं. ध्वनिपट्टी जिथे जोडली तिथे 'टक्' असा आवाज येतो, म्हणून जोडावर काळ्या शाईचा तिरपा पट्टा ओढायचे, की प्रकाश हळूहळू अडावा आणि ठोका बसू नये. पार्श्वभूमीची खरखर कमी करणारी मुद्रणपद्धतही साधारण याच सुमारास, १९३० च्या शेवटी आणि १९३१ च्या सुरुवातीला, स्टुडिओंत शिरली. 'द फ्रंट पेज' मार्च-एप्रिल १९३१ मध्ये प्रदर्शित झाला, म्हणजे अगदी या सांध्यावर.

इथे आपल्याकडचा एक संदर्भ खराच लागू आहे, तो जरूर सांगा. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. तोही नाटकावरून, जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून. अर्देशीर इराणींनी तो टॅनार यंत्रणेवर घेतला. तिच्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर उतरतात. पण चित्र कॅमेऱ्याच्या भिंगामागच्या खिडकीपाशी पडतं आणि आवाज पुढे वेगळ्या जागी, त्यामुळे एखाद्या फ्रेमचा आवाज त्या फ्रेमशेजारी नसतो, साधारण २० फ्रेम पुढे असतो. २४ च्या वेगाने ते अंतर पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. चित्राबरहुकूम कात्री लावली की कुणाचा तरी शब्द तुटतो. त्याच वर्षी, त्याच महिन्यात, दोन्हीकडे नाटकावरून बोलपट. एकाला कात्री मोकळी, दुसऱ्याची बांधलेली. दोघांतल्या वेगाचा फरक पुष्कळसा इथे आहे.

माइलस्टोन मूकपटातून आलेला, आणि मूळचा संकलक. आदल्याच वर्षी 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये त्याने रणांगणाचे शॉट मूकपटाच्या मोकळ्या कॅमेऱ्याने घेऊन आवाज मागाहून घातला होता, आणि दिग्दर्शनाचं ऑस्करही मिळवलं होतं. निर्माता हॉवर्ड ह्यूज, त्याची कॅडो कंपनी, वितरण युनायटेड आर्टिस्ट्सचं. पटकथा बार्टलेट कॉरमॅकची. हाही शिकागोचा माजी बातमीदार, आणि 'द रॅकेट' या नाटकाचा लेखक. ते नाटक ह्यूज-माइलस्टोन जोडीने १९२८ मध्ये मूकपट म्हणून केलंच होतं. जादा संवाद चार्ल्स लेडररचे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येतंय.

प्रेक्षकांना आधी दोन-तीन जागा दाखवून ठेवायच्या असतील तर या.

सुरुवात खोलीत होत नाही. फाशीच्या तख्त्यावर होते. माणसाच्या वजनाऐवजी पिठाचं पोतं लटकवून खटका तपासतात. तिथून खिडकीतल्या पत्रकारांकडे. नाटकात हे आवार खिडकीबाहेर आहे, प्रत्यक्ष दिसत नाही. चित्रपटाने ते पहिल्याच मिनिटात दाखवून टाकलं. मग पुढे खिडकी नुसती चौकटीत आली तरी पाहणाऱ्याला खाली काय आहे ते ठाऊक असतं, कुणाला सांगावं लागत नाही. नाटक बाहेर काढायचं म्हणजे काय, याचा हा नमुना: बाहेरचं एकदाच, नेमकं दाखवायचं आणि आत परतायचं. त्याआधी एक पाटी येते, की ही गोष्ट एका काल्पनिक राज्यात घडते. शिकागोच्या भ्रष्ट कारभारावर बोलायचं आणि नाव घ्यायचं नाही, असं ते डोळा मारणं आहे.

दुसरी जागा, टेबलाभोवतीचे पत्रकार आणि त्यांच्याभोवती फिरणारा कॅमेरा. सभासदांमध्ये कुणी चित्रीकरण करणारं असेल तर हा शॉट थांबवून दाखवा. असा शॉट घेताना काय काय आड येतं ते मोजा. चारी भिंती दिसणार, म्हणजे सेटची एक बाजू उघडी ठेवता येत नाही. जमिनीवर दिवा ठेवायला कोपरा उरत नाही, प्रकाश वरूनच द्यायचा. वरून दिला की बूमची सावली फिरत्या चौकटीत कुठेतरी पडतेच. वायरी, ट्रॉली ढकलणारे, फोकस ओढणारा, सगळे कॅमेऱ्याच्या पाठीमागेच फिरणार. एक गोष्ट मात्र ध्वनिमुद्रकाच्या बाजूची आहे: टेबलाभोवती बसलेली माणसं टेबलाच्या मध्याकडे तोंड करून बोलतात. मध्यावर उंच टांगलेला एक माइक सगळ्यांपासून जवळपास सारख्या अंतरावर येतो. चौकटीच्या वर तो राहिला, तर कॅमेरा कुठेही असो, आवाजाची पातळी हलत नाही. पत्त्याचा डाव ही नाटकातली साधी बैठक, पण फिरत्या कॅमेऱ्याला आणि न फिरणाऱ्या माइकला एकाच वेळी सोयीची.

तिसरी जागा छापखान्यातली. बर्न्स यंत्रांच्या रांगांतून चालतो आणि कॅमेरा त्याच्यासोबत लांबवर सरकत जातो. शॉट देखणा आहे, पण माझ्या मते नाटकाचं सर्वांत मोठं नुकसान नेमकं इथे झालंय. रंगमंचावर बर्न्स दुसऱ्या अंकाच्या शेवटापर्यंत येतच नाही. तोवर तो फोनच्या दुसऱ्या टोकाला असतो. हिल्डी त्याला शिव्या घालतो, पत्रकार त्याच्या लीला सांगतात, आणि प्रेक्षकाच्या डोक्यात एक राक्षस तयार होतो. विल्यम्स डेस्कमध्ये, बाहेर पोलीस, आणि अशा वेळी दारातून तो माणूस आत पाऊल टाकतो. पडदा. ही उभारणी दोन अंकांची आहे. चित्रपटाने अ‍ॅडॉल्फ मेंजूला लवकर दाखवला आणि तो पैसा आधीच खर्चून टाकला. कारण उघड आहे, मोठा नट तासभर पडद्याबाहेर ठेवायला कुठला निर्माता तयार होईल? पण खर्च झाला तो झालाच.

मेंजू ही मुळात दुसरी निवड. भूमिका लुईस वोलहाइमची होती. मोडक्या नाकाचा, रांगडा, 'ऑल क्वाएट'मधला काट नावाचा सैनिक. तो आजारी पडला आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये गेला. मेंजूची ओळख कडक इस्त्रीच्या छैलछबिल्याची. त्याने बर्न्सला धटिंगणाऐवजी साप केला, आणि ते छान जमलंय. हिल्डी झालेला पॅट ओ'ब्रायन बोलपटांत नवखा होता. बाकीच्या खोलीत एडवर्ड एव्हरेट हॉर्टन, फ्रँक मॅकह्यू, वॉल्टर कॅटलेट असे कसलेले लोक. विल्यम्सची बाजू घेणारी मॉली मलॉय झालेल्या मे क्लार्ककडे लक्ष ठेवायला सांगा. सगळे तोंड वाजवत असताना ती एकटी खऱ्या दुःखात असते, आणि त्यामुळे विनोद एकदम आंबट होतो.

डेस्कबद्दलही एक तांत्रिक मुद्दा आहे, नाटकवाल्यांना तो विशेष आवडेल. रंगमंचावर ते टेबल सतत दिसतं. त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही तरी प्रेक्षकाची नजर तिकडे जातेच, म्हणून ताण आपोआप राहतो. चित्रपटात चौकट आवळली की डेस्क बाहेर जातो, आणि दोन मिनिटं बाहेर राहिला तर लोक त्याला विसरतात. म्हणून बंदिस्त जागेतलं नाटक चित्रित करताना अशी वस्तू एकतर पार्श्वभूमीत धरून ठेवावी लागते, नाहीतर कुणाला तरी तिच्यावर टेकवावं, बसवावं, हात ठेवायला लावावं लागतं, नाहीतर कटने परत आणावी लागते. चित्रपटाचा उत्तरार्ध पाहताना कोण कुठे उभं आहे आणि डेस्क कुठल्या कोपऱ्यात दिसतो, एवढंच बघा. चांगला धडा आहे.

विल्यम्स निसटतो तो प्रसंगही तपासण्यासारखा. नाटकात त्याला तपासणारा मनोविकारतज्ज्ञ रंगमंचावर येत नाही. मूर्ख शेरीफचं (तुरुंग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं) पिस्तूल कैद्याच्या हातात कसं गेलं ही बातमी म्हणून खोलीत पोचते आणि फोनवरून बाहेर जाते. चित्रपटात त्या तज्ज्ञासाठी गुस्ताव्ह फॉन सायफरटिट्झ हा खास नट घेतलाय. ऐकलेल्या बातमीपेक्षा पाहिलेला प्रसंग बरा, असा सरसकट नियम लोक धरतात. या नाटकात तो पूर्ण लागू नाही, कारण इथला विनोद बातमी कशी फुगवली जाते यात आहे. एकच घटना, सहा फोन, सहा वेगळ्या गोष्टी. फोनवरच्या त्या बढाया माइलस्टोनने भराभर कट करून ठेवल्यात, आणि ते मूळच्या लयीला धरून आहे.

शेवटाचं रहस्य फोडायचं नाही, एवढंच सांगतो: नाटकाच्या शेवटच्या वाक्यात एक शिवी आहे. १९३० साली हॉलिवूडने नीतिनियमावली स्वीकारली होती, कडक अंमल मात्र जुलै १९३४ पासून झाला. त्या मधल्या काळातही ती शिवी पडद्यावर चालण्यासारखी नव्हती. मग ती टाइपरायटरच्या खडखडाटाखाली दडवली. आवाजाने आवाज झाकायचा, ही युक्ती मूकपटात शक्यच नव्हती. प्रेक्षकाला शिवी 'ऐकू' येते आणि सेन्सॉरच्या हाती काही लागत नाही.

आता प्रतीचं, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. अमेरिकेतल्या कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही, म्हणून हा चित्रपट कुणीही छापावा असा झाला. दशकानुदशकं फिरत राहिल्या त्या कॉपीच्या कॉपी. ध्वनिपट्टीसाठी फिल्मच्या एका कडेची जागा गेल्यामुळे त्या काळच्या चित्रचौकटीच्या मापात घोळ होताच. नंतर टीव्हीसाठी आणि छोट्या फिल्मवर उतरवताना चौकट मनाप्रमाणे कापली गेली. डोकी उडाली ती अशी. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. मूकपटाच्या दिवसांपासून स्टुडिओ एकाच चित्रपटाच्या एकाहून अधिक निगेटिव्ह तयार करायचे: घरच्या बाजारासाठी एक, परदेशासाठी वेगळी. सगळ्यांत चांगले टेक घरच्या निगेटिव्हला, दुय्यम टेक बाहेरच्या. 'द फ्रंट पेज'ची जी आवृत्ती जगभर फिरत राहिली ती परदेशी. म्हणजे आपण सगळे कितीतरी वर्षं या चित्रपटाचे दुसऱ्या पसंतीचे टेक पाहून त्याला संथ, ढिसाळ म्हणत होतो.

माइलस्टोनच्या पसंतीची अमेरिकी आवृत्ती ह्यूजच्या स्वतःच्या संग्रहातल्या प्रतीत सापडली आणि ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या फिल्म आर्काइव्हने तिच्यावरून पुनरुज्जीवन केलं. जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये ती 'हिज गर्ल फ्रायडे' या त्याच नाटकावरच्या नंतरच्या चित्रपटाच्या दोन डिस्कच्या संचात दिली. तुम्हाला हवी ती हीच. दोन्ही प्रती शेजारी लावून कुठलाही एक संवादाचा प्रसंग पाहिलात तर हात, नजर, वाक्यांमधल्या जागा वेगळ्या दिसतील. फरक नुसता स्वच्छतेचा नाही.

खरेदीआधी दोन गोष्टी. ब्लू-रे डिस्क ठरावीक प्रदेशातल्या प्लेअरवरच चालतात. क्रायटेरियनच्या अमेरिकी ब्लू-रे प्रदेश 'ए'साठी बांधलेल्या असतात आणि भारत प्रदेश 'सी'त येतो. इथल्या साध्या प्लेअरमध्ये ती डिस्क चालणार नाही. सर्व प्रदेश वाचणारा प्लेअर लागेल. कार्यक्रमाच्या दिवशी हे कळलं तर पंचाईत होते, म्हणून आठवडाभर आधी त्याच प्लेअरवर, त्याच प्रोजेक्टरवर पूर्ण चालवून बघा. दुसरं, डिस्क घरगुती वापरासाठी विकली जाते. मूळ चित्रपट मुक्त असला तरी पुनरुज्जीवित आवृत्तीच्या जाहीर प्रदर्शनासाठी वितरकाला लिहून परवानगी घ्या.

प्रोजेक्टरवर चित्र जवळपास चौकोनी येईल, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. कुणीतरी हौसेने 'पडदा भरून' करेल. करू देऊ नका, परत डोकी जातील. हालचाल गुळगुळीत करणारी 'मोशन स्मूदिंग' किंवा तत्सम नावाची सोय बंद. आवाज एकाच वाहिनीचा आहे, तो समोरच्या मधल्या स्पीकरमधूनच जाऊ द्या. सभोवतीच्या स्पीकरांत पसरवला की शब्द धुवट होतात. ट्रेबल, म्हणजे उंच पट्टीतला आवाज, वाढवण्याचा मोह टाळा. त्या काळच्या प्रकाशीय ध्वनिपट्टीत उंच पट्टीत आवाज फारसा नसतो, वाढवलं की फक्त खरखर वाढते. शब्द स्पष्ट हवे असतील तर उलट खालचा घुमारा थोडा कमी करा. सभागृह फरशीचं आणि उघड्या भिंतींचं असेल तर मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा सतरंज्या टांगा. या चित्रपटात लोक एकमेकांच्या वाक्यावर चढून बोलतात; प्रतिध्वनी आला की संपलं. इंग्रजी सबटायटल्स लावाच, इंग्रजी उत्तम येणाऱ्यांसाठीसुद्धा.

चित्रपट १०१ मिनिटांचा आहे, मध्यंतराची गरज नाही. घ्यायचंच झालं तर मॉली खिडकीतून उडी घेते त्यानंतर थांबा. नाटकाचा दुसरा अंक त्याच सुमारास संपतो.

प्रास्ताविक दहा मिनिटांपलीकडे नेऊ नका. कागदाच्या एका पानावर पात्रांची नावं आणि कोण कुणाच्या बाजूचा एवढं छापून द्या: हिल्डी, बर्न्स, हिल्डीची होणारी बायको पेगी, विल्यम्स, मॉली, शेरीफ हार्टमन, महापौर, आणि माफीचा कागद घेऊन येणारा पिंकस. पत्रकारांची सगळी नावं देऊ नका, कुणाच्या लक्षात राहत नाहीत. एक गोष्ट मात्र आधीच सांगा. विल्यम्सच्या हातून मेलेला पोलीस काळा आहे, आणि काळ्यांची मतं मिळावीत म्हणून सत्ताधाऱ्यांना निवडणुकीआधी फाशी हवी आहे. यावर पात्रं ज्या भाषेत बोलतात ती आज कानाला टोचते. हे न सांगता दाखवलं तर चर्चा तिथेच अडकते.

चर्चेत कुणीतरी ऑस्करबद्दल विचारेल. चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता (मेंजू) अशी तीन नामांकनं होती, मिळालं एकही नाही. त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट 'सिमरॉन'. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत मात्र याला जागा मिळाली.

'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) जोडीला दाखवायचा तर त्याच दिवशी नको, पुढच्या कार्यक्रमात ठेवा. तीच गोष्ट, पण हॉवर्ड हॉक्सने हिल्डीला बाई केलं, बर्न्सची घटस्फोटित बायको. पटकथा त्याच लेडररची. रोझलिंड रसेल आणि कॅरी ग्रँटचा वेग एकदा कानात बसला की लगेच दुसरं काहीही ऐकायला जड जातं, म्हणून क्रम उलटा करू नका. आणि तुलना करायचीच असेल तर पूर्ण चित्रपटांची न करता एका प्रसंगाची करा: विल्यम्स डेस्कमध्ये आहे आणि पत्रकार दार वाजवताहेत. दोन्हीकडचा तेवढाच तुकडा लागोपाठ लावा. पहिल्यात कॅमेरा आणि कात्री पळते, दुसऱ्यात माणसं पळतात आणि कॅमेरा बहुतेक शांत उभा असतो, आणि तरी त्याला कुणी 'चित्रित केलेलं नाटक' म्हणत नाही.